हॅटशेपसुट

हॅटशेपसुट (राज्यकाळ: अंदाजे इ.स.पू. १४७९ ते इ.स.पू. १४५८) ही प्राचीन इजिप्तच्या अठराव्या राजवंशातील पाचवी फॅरो होती. पती थुटमोस दुसरा याच्या मृत्यूनंतर तिने अल्पवयीन सावत्र मुलगा थुटमोस तिसरा याच्या वतीने कारभार हाती घेतला. काही वर्षांतच तिने स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला आणि मृत्यूपर्यंत त्याच्यासह संयुक्तपणे राज्य केले. तिच्या कारकिर्दीत देर अल-बहरी येथील मंदिर, कर्नाक येथील ओबेलिस्क व लाल देवालय ही बांधकामे झाली आणि पंट देशाकडे व्यापारी मोहीम गेली.

मंदिरांच्या भिंतींवरील शिल्पांत हॅटशेपसुट बहुधा पुरुष राजाच्या वेशात दिसते. कृत्रिम दाढी, आखूड वस्त्र आणि राजमुकुट अशा रूपात ती देवांना अर्पणे वाहते. त्याच शिल्पांवरील चित्रलिपीतील मजकुरात मात्र तिचा उल्लेख अनेक ठिकाणी स्त्रीलिंगी रूपांनी केलेला आहे. मृत्यूनंतर सुमारे दोन दशकांनी तिच्या राजपदाच्या प्रतिमा व नावे पद्धतशीरपणे छिन्नीने खोडण्यात आली. त्यामुळे इजिप्तच्या राजपरंपरेतून तिचे नाव तीन हजार वर्षांहून अधिक काळ नाहीसे झाले. एकोणिसाव्या शतकात चित्रलिपीचा उलगडा झाल्यावर तिचा इतिहास पुन्हा प्रकाशात आला.

नाव

हॅटशेपसुट या नावाचा अर्थ कुलीन स्त्रियांमध्ये अग्रणी असा होतो. राज्याभिषेकाच्या वेळी तिने माअतकारे हे सिंहासननाम धारण केले. सत्य, न्याय आणि विश्वाची सुव्यवस्था यांची देवता माअत, सूर्यदेव रे आणि जीवनशक्ती किंवा प्रतिरूप या अर्थाचा का हा शब्द यांपासून हे नाव बनले आहे. माअत टिकवून ठेवणे हे इजिप्तच्या राजाचे पहिले कर्तव्य मानले जाई. फॅरोची नावे कार्टूश या लंबवर्तुळाकार वलयात कोरली जात. मंदिरातील एखादी आकृती कोणत्या राजाची आहे हे प्रामुख्याने या वलयातील नावावरून ठरत असे.

जन्म व कुटुंब

हॅटशेपसुट ही थुटमोस पहिला आणि त्याची पट्टराणी आहमोस यांची मुलगी होती. थुटमोस पहिला याने नूबिया व सीरियापर्यंत मोहिमा काढून राज्याचा विस्तार केला होता. त्याच्या मृत्यूनंतर मुतनोफ्रेत या दुय्यम राणीचा मुलगा थुटमोस दुसरा गादीवर आला. तत्कालीन राजघराण्यातील प्रथेनुसार हॅटशेपसुटचा विवाह या सावत्र भावाशी झाला. या दांपत्याला नेफेरुरे ही मुलगी झाली. थुटमोस दुसरा याला आयसेट नावाच्या दुय्यम पत्नीपासून एक मुलगा होता. तोच पुढे थुटमोस तिसरा म्हणून प्रसिद्धीस आला.

राणी असताना हॅटशेपसुटकडे अमुन देवाची पत्नी हे धार्मिक पद होते. या पदाला स्वतंत्र जमीन, उत्पन्न व सेवकवर्ग असे आणि अमुनच्या मंदिरातील विधींत प्रत्यक्ष सहभाग मिळे. थीब्ज नगरातील अमुन हा या काळात राज्याचा प्रमुख देव झाला होता. त्यामुळे या पदाला राजकीय वजनही प्राप्त झाले होते.

राज्यप्रतिनिधी

थुटमोस दुसरा याच्या मृत्यूच्या वेळी थुटमोस तिसरा लहान होता. वारस अल्पवयीन असल्यास राजमातेने त्याच्या वतीने कारभार पाहणे इजिप्तमध्ये नवे नव्हते. अठराव्या राजवंशाच्या आरंभी आहहोतेप आणि आहमोस-नेफर्तारी या राणींनी मोठे राजकीय कार्य केले होते. मात्र थुटमोस तिसरा याची आई राजकुळातील नव्हती आणि पट्टराणी म्हणून अधिकार हॅटशेपसुटकडे होता. इनेनी या ज्येष्ठ अधिकाऱ्याच्या थडग्यातील चरित्रलेखानुसार, नवा राजा पित्याच्या गादीवर बसला असला तरी देशाचा कारभार देवपत्नी हॅटशेपसुट चालवीत होती.

या पहिल्या टप्प्यातील तिच्या प्रतिमा राणीच्याच आहेत. लांब अंगालगत वस्त्र आणि राणीचे शिरोभूषण अशा रूपात ती दिसते.

राज्याभिषेक

हॅटशेपसुटने राजपद नेमके कधी धारण केले याविषयी मतभेद आहेत. थुटमोस तिसरा याच्या सातव्या राज्यवर्षापर्यंत ते घडले होते, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे. सेनेनमुत या अधिकाऱ्याच्या आईवडिलांच्या थडग्यात सापडलेल्या मातीच्या भांड्यांवर सातव्या वर्षाची नोंद आहे. त्याच सामग्रीत माअतकारे या राजनामाची मुद्राही आढळते.

तिने थुटमोस तिसरा याला पदच्युत केले नाही आणि स्वतंत्र कालगणनाही सुरू केली नाही. दोघांची राज्यवर्षे एकाच क्रमाने, म्हणजे थुटमोस तिसरा गादीवर आल्यापासून मोजली जात. स्मारकांवर दोन्ही राजांची नावे येतात आणि हॅटशेपसुटला बहुधा अग्रस्थान असते.

स्त्रीने राजपद धारण करण्याचे उदाहरण पूर्वीही होते. बाराव्या राजवंशाच्या अखेरीस सोबेकनेफेरू ही राणी फॅरो झाली होती. मात्र तिची कारकीर्द अल्पकाळाची होती आणि तेव्हा गादीवर दुसरा राजा नव्हता. हॅटशेपसुटच्या बाबतीत अभिषिक्त राजा हयात होता. त्यामुळे तिच्या राजपदाला विशेष समर्थनाची आवश्यकता होती. हे समर्थन प्रामुख्याने मंदिरांच्या भिंतींवर कोरले गेले.

राजप्रतिमेतील बदल

इजिप्तच्या मंदिरशिल्पात राजाची आकृती हे एका ठरावीक पदाचे चिन्ह असे. प्रत्यक्ष चेहऱ्याशी साम्य असणे त्यात आवश्यक नव्हते. भिंतीवर आधी लाल रेघांची चौकटजाळी आखून आकृतीचे प्रमाण ठरवले जाई. मस्तक व पाय बाजूने आणि डोळा व खांदे समोरून दाखवले जात. राजाच्या कमरेला बैलाचे शेपूट, हनुवटीला कृत्रिम दाढी आणि कपाळावर नाग असे. देवाला अर्पण वाहणे हे राजाचे काम आणि त्याच्या नाकाशी जीवनचिन्ह धरणे हे देवाचे. सिद्धान्ततः देशातील प्रत्येक मंदिरात पूजा करणारा राजाच असे. पुजारी त्याच्या वतीने विधी करीत. त्यामुळे भिंतीवरील राजाची आकृती हा त्या विधीचाच भाग होता आणि ती नसेल तर विधी अपूर्ण मानला जाई.

या चौकटीत राजासाठी स्त्रीदेहाची जागा नव्हती. हॅटशेपसुटच्या प्रतिमांत ही अडचण टप्प्याटप्प्याने सोडवलेली दिसते. कर्नाक येथे सापडलेल्या एका चुनखडीच्या ठोकळ्यावर ती स्त्रीच्या लांब वस्त्रात आहे, परंतु तिच्या मस्तकी राजाचा मुकुट आहे आणि ती राजाप्रमाणे अमुनला अर्पण वाहते. न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील चुनखडीच्या एका बैठ्या पुतळ्यात राजाचे वस्त्र व नेमेस हे पट्टेदार शिरोवस्त्र आहे, मात्र देह स्पष्टपणे स्त्रीचा आहे. त्यानंतरच्या बहुसंख्य शिल्पांत रुंद खांदे, सपाट छाती व दाढी असलेला पुरुष राजाच दिसतो.

रंगांतही हा बदल आढळतो. इजिप्तच्या चित्रपरंपरेत पुरुषांची त्वचा तांबूस तपकिरी आणि स्त्रियांची पिवळसर रंगवली जाई. देर अल-बहरी येथील ओसायरिस देवाच्या रूपातील तिच्या पुतळ्यांपैकी आरंभीच्या पुतळ्यांचा चेहरा पिवळा, त्यानंतरच्यांचा नारिंगी आणि अखेरच्यांचा पुरुषांप्रमाणे लाल आहे.

या बदलाचा अर्थ तिने आपले स्त्रीत्व लपवले असा घेता येत नाही. तिच्या पदव्यांत देवाची मुलगी, स्त्री-होरस अशा अर्थाची रूपे येतात आणि क्रियापदांना व विशेषणांना स्त्रीलिंगी प्रत्यय लागतात. ज्यांना लिपी वाचता येत असे, त्यांना राजा स्त्री आहे हे भिंतीवरच समजत असे. चित्रात राजपद आणि मजकुरात व्यक्ती अशी ही विभागणी होती. हॅटशेपसुटच्या शिल्पांचे हे सर्वांत ठळक वैशिष्ट्य आहे.

देर अल-बहरी येथील मंदिर

नाईल नदीच्या पश्चिम तीरावर, थीब्जसमोरच्या उंच कड्याच्या पायथ्याशी हॅटशेपसुटने आपले स्मारकमंदिर बांधले. त्याचे प्राचीन नाव जेसेर-जेसेरू, म्हणजे पवित्रांतील परमपवित्र, असे होते. देर अल-बहरी हे आजचे अरबी नाव तेथे पुढे उभ्या राहिलेल्या कॉप्टिक ख्रिस्ती मठावरून पडले. शेजारीच अकराव्या राजवंशातील मेन्तुहोतेप दुसरा याचे सुमारे पाचशे वर्षे जुने मंदिर होते. त्यातील चौथरे व स्तंभांच्या ओळी यांचा आदर्श घेऊन नव्या मंदिराची तीन टप्प्यांची रचना करण्यात आली. टप्पे उतरणींनी जोडलेले असून प्रत्येक टप्प्याच्या दर्शनी बाजूस स्तंभांचे सज्जे आहेत. या सज्ज्यांच्या मागील भिंतींवर चुनखडीत कोरलेली व रंगवलेली उठावशिल्पे आहेत.

दैवी जन्म

मधल्या टप्प्यावरील उत्तरेकडच्या सज्जात हॅटशेपसुटच्या जन्माची कथा कोरलेली आहे. अमुन देव थुटमोस पहिला याचे रूप घेऊन राणी आहमोसच्या महालात येतो. पलंगावर दोघे समोरासमोर बसलेले असून देव राणीला जीवनचिन्ह देतो. त्यानंतर मेंढ्याचे मस्तक असलेला खनुम देव कुंभाराच्या चाकावर बाळ आणि त्याचा का अशा दोन सारख्या आकृती घडवतो. बेडकाचे मस्तक असलेली हेकेत देवी त्यांना प्राण देते. गर्भवती आहमोसला देवता हाताला धरून प्रसूतिगृहाकडे नेतात. पुढील दृश्यांत बाळ अमुनला दाखवले जाते आणि देवता त्याचे पालन करतात.

या सर्व दृश्यांत बाळाची आकृती मुलाची आहे, सोबतचा मजकूर मात्र मुलीविषयी आहे. कथेचा राजकीय अर्थ उघड होता. हॅटशेपसुट ही अमुनची स्वतःची संतती असल्याने तिचे राजपद जन्मतःच ठरलेले होते. शेजारच्या दृश्यांत थुटमोस पहिला दरबारासमोर तिला आपली वारस म्हणून जाहीर करतो. प्रत्यक्षात त्याच्यानंतर थुटमोस दुसरा गादीवर आला होता. त्यामुळे हा प्रसंग ऐतिहासिक नसून राजपदाच्या समर्थनासाठी रचलेला आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे अमेनहोतेप तिसरा याने लक्सर येथील मंदिरात आपल्या जन्माची अशीच दृश्यमालिका कोरवली.

पंट मोहीम

दक्षिणेकडच्या सज्जात पंट देशाकडे गेलेल्या मोहिमेची दृश्ये आहेत. ही मोहीम नवव्या राज्यवर्षातील आहे. पंटचे नेमके स्थान निश्चित नसले तरी तांबड्या समुद्राच्या दक्षिणेकडील आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतचा प्रदेश असावा, असा सर्वसाधारण अंदाज आहे. शिल्पात पाच जहाजे, खांबांवर उभारलेली व शिडीने चढून जाण्याची घरे, पंटचा प्रमुख पाराहू आणि त्याची स्थूलदेही पत्नी आती दाखवली आहेत. पाण्यात कोरलेल्या माशांच्या जाती इतक्या बारकाईने दाखवल्या आहेत की त्यांतील अनेक ओळखता येतात.

जहाजांवर गंधरसाचा डिंक, हस्तिदंत, अबनूस, सोने, कातडी आणि माकडे चढवली जातात. मुळांसह टोपल्यांत घातलेली धूपवृक्षांची ३१ रोपेही आणली गेली. मंदिरांतील पूजेसाठी धूप अत्यावश्यक होता आणि तो पंटमधून येई. परत आल्यावर हॅटशेपसुट हा माल अमुनला अर्पण करते असे शेवटच्या दृश्यात दाखवले आहे. शत्रूला केसांना धरून गदा उगारणारा राजा हे इजिप्तच्या मंदिरांतील जुने व नेहमीचे चित्र होय. येथे मात्र दूरदेशीच्या वस्तू देवाच्या चरणी आणणारा राजा अधिक विस्ताराने रंगवला आहे. विजयी राजाचे चित्र या मंदिरातून पूर्णपणे वगळलेले नाही. खालच्या टप्प्यावर स्फिंक्सच्या रूपातील राजा शत्रूंना पायदळी तुडवताना दिसतो. तिच्या कारकिर्दीत नूबियात लष्करी मोहिमा झाल्याचेही पुरावे आहेत.

अन्य शिल्पे

खालच्या टप्प्यावर आस्वान येथून दोन ओबेलिस्क एका प्रचंड तराफ्यावरून नाईलमार्गे आणण्याचे दृश्य आहे. मधल्या टप्प्याच्या दोन टोकांना हाथोर व अनुबिस या देवतांची देवालये आहेत. हाथोरच्या देवालयात गायीच्या रूपातील देवी राजाला दूध पाजते. हे राजाला दैवी पोषण मिळाल्याचे चिन्ह होते. अनुबिसच्या देवालयातील रंग अद्याप बरेच टिकून आहेत. वरच्या टप्प्यावर सूर्यदेवासाठी उघडी वेदी आणि मागे कड्यात खोदलेले अमुनचे गर्भगृह आहे. दरवर्षी दरीच्या उत्सवात अमुनची मूर्ती कर्नाकहून नौकेत ठेवून नदीपार आणली जाई आणि ती या गर्भगृहात मुक्काम करी.

कर्नाक येथील बांधकामे

कर्नाक येथील अमुनच्या मंदिरात हॅटशेपसुटने आठवे तोरणद्वार, अनेक दालने आणि अमुनच्या पवित्र नौकेसाठी एक देवालय बांधले. लाल क्वार्टझाइट व काळ्या दगडाच्या या देवालयास लाल देवालय म्हणतात. त्याच्या बाहेरील भिंतींवर तिचा राज्याभिषेक, ओपेत व दरी या उत्सवांतील मिरवणुका, वादक, नर्तकी आणि कसरतपटू कोरलेले आहेत. अनेक दृश्यांत हॅटशेपसुट व थुटमोस तिसरा एकामागोमाग चालतात. दोघांचा वेश, उंची व चेहरा अगदी सारखा आहे. केवळ कार्टूशमधील नावावरून पुढचा राजा कोण आणि मागचा कोण हे कळते. हे देवालय पुढे उकलण्यात आले आणि त्याचे ठोकळे इतर बांधकामांच्या पायात भरले गेले. विसाव्या शतकात तीनशेहून अधिक ठोकळे हाती आल्यावर कर्नाकच्या खुल्या संग्रहालयात ते पुन्हा उभारण्यात आले.

सोळाव्या राज्यवर्षात तिने पिता थुटमोस पहिला याने बांधलेल्या दालनात दोन ओबेलिस्क उभे केले. त्यांपैकी एक अद्याप उभा आहे. सुमारे २९.५ मीटर उंचीचा हा स्तंभ एकाच ग्रॅनाइट शिळेतून घडवलेला असून इजिप्तमध्ये आज उभ्या असलेल्या प्राचीन ओबेलिस्कांत तो सर्वांत उंच आहे. पायथ्याच्या लेखानुसार हे काम सात महिन्यांत पूर्ण झाले. स्तंभांवर सोने-चांदीच्या मिश्रधातूचा मुलामा होता. त्याच लेखात पुढच्या पिढ्या ही स्मारके पाहून काय बोलतील याविषयीची उत्सुकता व्यक्त झाली आहे. आस्वानच्या खाणीत तडा गेल्याने तसाच सोडून दिलेला सुमारे ४२ मीटर लांबीचा ओबेलिस्कही सामान्यतः तिच्याच काळातील मानला जातो.

मध्य इजिप्तमध्ये बेनी हसनजवळ पाखेत या सिंहिणीच्या रूपातील देवीसाठी तिने कड्यात मंदिर खोदवले. स्पिओस आर्टेमिडोस या ग्रीक नावाने ते ओळखले जाते. त्यावरील लेखात हिक्सोस राजवटीत उद्ध्वस्त झालेली मंदिरे तिने पुन्हा उभारल्याचा दावा आहे. हिक्सोसांची हकालपट्टी तिच्या जन्मापूर्वीच झाली होती. तथापि मोडलेली व्यवस्था पुन्हा उभारणारा राजा ही माअतशी जोडलेली भूमिका तिने येथे स्वतःकडे घेतली आहे.

सेनेनमुत व नेफेरुरे

सेनेनमुत हा तिच्या काळातील सर्वांत प्रभावी अधिकारी होता. सामान्य कुटुंबातून येऊन तो अमुनच्या मालमत्तेचा मुख्य कारभारी आणि राजकन्या नेफेरुरे हिचा शिक्षक बनला. देर अल-बहरी येथील बांधकामावर त्याची देखरेख होती. त्याचे पंचवीसच्या आसपास पुतळे उपलब्ध आहेत. नेफेरुरेला मांडीवर किंवा अंगरख्यात घेतलेले त्याचे पुतळे विशेष प्रसिद्ध आहेत. मंदिरातील कोनाड्यांत, दार उघडल्यावर झाकल्या जाणाऱ्या जागी त्याच्या लहान आकृती कोरलेल्या आहेत. राजासाठी राखलेल्या भिंतींवर एखाद्या अधिकाऱ्याला असे स्थान मिळणे हा अपवाद होता. मंदिराजवळच्या त्याच्या दुसऱ्या थडग्याच्या छतावर नक्षत्रांचे चित्रण आहे.

हॅटशेपसुटने स्वतः राजपद घेतल्यावर देवपत्नीचे पद नेफेरुरेकडे गेले. राजाला विधींसाठी राणीची जोड लागे. ती भूमिका काही शिल्पांत नेफेरुरे पार पाडते. अकराव्या राज्यवर्षानंतर तिचे निश्चित उल्लेख मिळत नाहीत.

मृत्यू व दफन

बाविसाव्या राज्यवर्षात थुटमोस तिसरा एकट्याने राज्य करू लागला. हॅटशेपसुटचा मृत्यू त्याच सुमारास झाला असे मानले जाते. तिचा खून झाल्याचा कोणताही पुरावा नाही. राणी असताना तिच्यासाठी एका दुर्गम कड्यात थडगे खोदले गेले होते. राजपद मिळाल्यावर तिने राजांच्या दरीत २०० मीटरपेक्षा अधिक लांबीचे केव्ही २० हे थडगे तयार करवले आणि पित्याचे शवही तेथे आणण्याची योजना केली. हॉवर्ड कार्टर यांनी ते विसाव्या शतकाच्या आरंभी मोकळे केले. तेव्हा आत दोन क्वार्टझाइटच्या शवपेट्या होत्या. त्यांपैकी तिच्यासाठी घडवून नंतर पित्याच्या नावे बदललेली पेटी आज बॉस्टन येथे आहे.

केव्ही ६० या लहान थडग्यात कार्टर यांना इ.स. १९०३ मध्ये स्त्रियांच्या दोन ममी आढळल्या होत्या. त्यांपैकी एक हॅटशेपसुटची असल्याचे इ.स. २००७ मध्ये जाहीर करण्यात आले. तिचे नाव असलेल्या एका लाकडी पेटीत सापडलेला दात या ममीच्या जबड्याशी जुळतो, असा त्यामागील आधार होता. ही ओळख सर्व अभ्यासकांना मान्य नाही. इ.स. २०२१ मध्ये इतर राजममींसह ती कैरो येथील राष्ट्रीय इजिप्शियन संस्कृती संग्रहालयात हलवण्यात आली.

प्रतिमांचा विध्वंस

हॅटशेपसुटच्या राजप्रतिमा थुटमोस तिसरा याच्या आदेशाने नष्ट करण्यात आल्या. भिंतींवर तिच्या आकृतीची बाह्यरेषा धरून आतला सर्व भाग छिन्नीने खरवडला गेला. काही ठिकाणी तिच्या जागी अर्पणांची रास कोरण्यात आली. कार्टूशमधील तिचे नाव काढून थुटमोस पहिला, दुसरा किंवा तिसरा यांचे नाव घालण्यात आले. कर्नाकच्या ओबेलिस्कांभोवती दगडी भिंती बांधून त्यांचा खालचा भाग झाकण्यात आला. देर अल-बहरी येथील पुतळे बाहेर काढून फोडले गेले आणि त्यांचे तुकडे जवळच्या खाणीत व खड्ड्यात टाकले गेले.

सावत्र आईने गादी बळकावल्याचा सूड थुटमोस तिसरा याने तिच्या मृत्यूनंतर तत्काळ उगवला, अशी समजूत पूर्वी रूढ होती. इ.स. १९६० च्या दशकापासून झालेल्या संशोधनाने ती मागे पडली. कर्नाक येथील बांधकामांच्या क्रमावरून हा विध्वंस बेचाळिसाव्या राज्यवर्षाच्या आधी सुरू झाला नसावा, असे दिसते. म्हणजे तिच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षे तिच्या प्रतिमा जागच्या जागी होत्या. राणी म्हणून कोरलेल्या प्रतिमांना बहुधा हात लावला गेला नाही. आक्षेप तिच्या राजपदापुरता होता. थुटमोस तिसरा याचा मुलगा अमेनहोतेप दुसरा याचा वारसा निर्विवाद व्हावा आणि थुटमोस पहिल्यापासूनची पुरुष राजांची साखळी अखंड दिसावी, हा त्यामागील हेतू असावा, असे मत अनेक अभ्यासक मांडतात. पुतळ्यांविषयी इ.स. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, त्यांतील अनेक मान, कंबर व गुडघे या ठरावीक जागी मोडलेले असल्याचे दाखवले आहे. इतर राजांचे पुतळे निकामी करतानाही हीच विधिवत पद्धत वापरली जाई. त्यामुळे सर्वच मोडतोड द्वेषातून झाली असे म्हणता येत नाही.

काम पूर्ण झाले नाही. अंधाऱ्या व उंच जागी तिची नावे राहिली. खोडलेल्या आकृतींच्या बाह्यरेषा स्पष्ट राहिल्या आणि बदललेल्या राजनामांशेजारी स्त्रीलिंगी प्रत्यय तसेच उरले. ओबेलिस्कांभोवतीच्या भिंतींनी त्यांचा कोरीव पृष्ठभाग सुरक्षित ठेवला. राजांच्या अधिकृत याद्यांतून मात्र ती वगळली गेली. अबिडोस येथील सेती पहिला याच्या यादीत थुटमोस दुसरा याच्यानंतर थेट थुटमोस तिसरा येतो. पुढे आखेनातेनच्या काळात याच भिंतींवरील अमुनच्या आकृतीही खोडल्या गेल्या. रामसेस दुसरा याच्या काळात अमुनच्या आकृती पुन्हा कोरण्यात आल्या. हॅटशेपसुटच्या आकृती तशाच राहिल्या.

पुनर्शोध

चित्रलिपीचा उलगडा करणारे फ्रेंच विद्वान झाँ-फ्रान्स्वा शांपोल्यों यांनी इ.स. १८२९ मध्ये देर अल-बहरीला भेट दिली. दाढी असलेल्या एका अपरिचित राजासाठी मजकुरात स्त्रीलिंगी रूपे वापरलेली पाहून ते चकित झाले होते. इ.स. १८९३ पासून एदुआर नाव्हिल यांनी इजिप्त एक्सप्लोरेशन फंडाच्या वतीने मंदिराचे उत्खनन केले. तरुण हॉवर्ड कार्टर यांनी तेथील उठावशिल्पांच्या रेखाकृती तयार केल्या. इ.स. १९२० च्या दशकात हर्बर्ट विनलॉक यांच्या नेतृत्वाखाली मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या पथकाने खाणीतील पुतळ्यांचे तुकडे शोधून जुळवले. काही पुतळ्यांचे भाग एकोणिसाव्या शतकातच बर्लिनला गेले होते. दोन संग्रहालयांतील देवाणघेवाणीने ते एकत्र आणण्यात आले. इ.स. १९६१ पासून पोलंडच्या पुरातत्त्वज्ञांनी इजिप्तच्या सहकार्याने मंदिराची पुनर्बांधणी चालवली आहे.

मूल्यमापन

हॅटशेपसुटच्या सुमारे दोन दशकांच्या कारकिर्दीत देश स्थिर होता, व्यापार वाढला आणि मंदिरबांधणीला नवी दिशा मिळाली. थुटमोस तिसरा तिच्या काळात सुरक्षित राहिला आणि पुढे इजिप्तचा सर्वांत यशस्वी सेनानी राजा ठरला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिचे चित्रण महत्त्वाकांक्षी सावत्र आई असे केले जाई, तर नंतरच्या काळात शांतताप्रिय राणी असे. ही दोन्ही चित्रे आज अपुरी मानली जातात. राजपदाची परंपरा न मोडता तिने तिच्यातील प्रत्येक चिन्ह स्वतःला लावून घेतले. त्याच चिन्हांमुळे ती राजा ठरली आणि पुढे खोडण्यात आलीही तीच चिन्हे. देर अल-बहरी येथील मंदिर इ.स. १९७९ पासून प्राचीन थीब्ज व त्याची दफनभूमी या जागतिक वारसा स्थळाचा भाग आहे. तेथील भिंतींवर तिच्या आकृतीच्या खरवडलेल्या बाह्यरेषा आजही दिसतात.